अबोरिजिनल लोक, मिशनरी आणि सरकार: वाद घालण्याआधी वाचायचे नेहमीचे प्रश्न

दरवर्षी 26 जानेवारी जवळ आला की इथे ऑस्ट्रेलियातल्या आपल्या मराठी ग्रुप्सवर दोन गोष्टी एकदम सुरू होतात, एकीकडे प्रजासत्ताक दिनाची पोस्टर्स आणि दुसरीकडे ऑस्ट्रेलिया डे साजरा करावा की नाही यावरून जुंपलेली. आणि मग अबोरिजिनल लोकांबद्दल, म्हणजे या देशाच्या मूळ रहिवाशांबद्दल, तेच तेच प्रश्न. मिशनऱ्यांनी वाट लावली, नाही नाही सरकारने लावली, नाही हो त्यांनी तर शाळा काढल्या, वगैरे. प्रत्येक वेळी नव्याने टाइप करायचा कंटाळा आला म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. मी काही इतिहासाचा प्रोफेसर नाही, पण वाचलंय बऱ्यापैकी, आणि माझी मतं आहेत, ती लपवणार नाही.

मुळात झालं काय, दोन मिनिटांत सांगा

26 जानेवारी 1788 ला ब्रिटिशांची जहाजं सिडनीला लागली, म्हणून तोच ऑस्ट्रेलिया डे. त्या वेळी या खंडावर किती माणसं होती याचे अंदाज तीन लाखांपासून दहा लाखांपर्यंत जातात, भाषा मात्र अडीचशेच्या वर होत्या हे नक्की. ब्रिटिशांनी ही जमीन कोणाच्या मालकीची नाही असंच धरलं, ना करार ना खरेदी, आणि कायद्याने हे गृहीतक मोडायला 3 जून 1992 उजाडावा लागला, तो माबो खटल्याचा निकाल. खटला लढणारे एडी माबो स्वतः निकालाच्या काही महिने आधीच वारले होते. मधल्या दोनशे वर्षांत आधी देवी आणि बाकीचे रोग, मग बंदुका, आणि मग कायदे. हे तिसरं लोक विसरतात. व्हिक्टोरियाचा कायदा 1869 चा, क्वीन्सलँडचा 1897 चा, वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा 1905 चा, न्यू साउथ वेल्सचा 1909 चा. सगळ्यांचं नाव साधारण ‘संरक्षण’ या अर्थाचं आणि आत काय, तर कुठे राहायचं, कुठे काम करायचं, पगार कोणाच्या हातात, मुलं कोणाकडे, आणि काही राज्यांत तर लग्न कोणाशी करायचं हेसुद्धा सरकारने नेमलेलं बोर्ड नाहीतर प्रोटेक्टर नावाचा अधिकारी ठरवणार.

मग दोषी कोण, मिशनरी की सरकार?

हा प्रश्न आपल्याकडच्या लोकांचा फार आवडता, कारण भारतातलं धर्मांतराचं भांडण डोक्यात असतं आणि ऑस्ट्रेलियाची गोष्ट त्यात दारूगोळा म्हणून वापरायची असते. एक बाजू म्हणते बघा मिशनरी कसे असतात, दुसरी म्हणते चर्चने तर जीव वाचवले. दोघांनाही अर्धीच गोष्ट हवी असते.

सुरुवातीचंच उदाहरण घ्या. न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर मॅक्वारी यांनी 1814 मध्ये पॅरामॅटाला अबोरिजिनल मुलांसाठी शाळा काढायचं जाहीर केलं, ती चालवायला एक मिशनरी ठेवला. 1819 च्या परीक्षेत तिथली एक अबोरिजिनल मुलगी, मारिया लॉक, गोऱ्या मुलांना मागे टाकून पहिली आली. छान. आता याच मॅक्वारीने 1816 मध्ये सैन्य पाठवलं, एप्रिलमध्ये अॅपिनजवळ कमीत कमी 14 माणसं मेली, त्यात बायका-मुलंही होती, आणि पकडून आणलेली काही पोरं कुठे पाठवली तर त्याच शाळेत. शाळा आणि शिपाई एकाच माणसाच्या सहीने चालू होते.

उलटं उदाहरण पण आहे. लान्सलॉट थ्रेलकेल्ड नावाचा मिशनरी लेक मॅक्वारीला होता, बिराबान नावाच्या अबोरिजिनल माणसाबरोबर बसून त्याने तिथल्या लोकांच्या भाषेचं व्याकरण लिहिलं. धर्मांतराच्या बाबतीत हा माणूस जवळपास फेल गेला. पण वसाहतवाले कुठे कशी माणसं मारतायत हे तो लिहून ठेवत होता, कळवत होता, कोर्टात दुभाषा म्हणून उभा राहत होता, कारण अबोरिजिनल माणसाला बायबलवर शपथ घेता येत नाही म्हणून त्याची साक्षच धरत नसत. त्याचे कागद नसते तर त्या भागातलं बरंच काही कळलंच नसतं.

आणि मग अर्नेस्ट ग्रिबल नावाचा मिशनरी, ज्याला कुठल्याच खान्यात बसवता येत नाही. क्वीन्सलँडच्या याराबाह मिशनवर (मिशन म्हणजे चर्चने चालवलेली अबोरिजिनल वस्ती) याने पोरांना आईबापांपासून वेगळं डॉर्मिटरीत ठेवलं, कडक शिस्त, शिक्षा. तोच माणूस 1926 मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियात फॉरेस्ट रिव्हरला असताना पोलिसांच्या टोळीने माणसं मारून जाळली म्हणून बोंब ठोकतो, त्याच्यामुळे 1927 चं रॉयल कमिशन बसतं, कमिशन म्हणतं किमान 11 जण मारले गेले, दोन पोलिसांवर केस होते आणि पुराव्याअभावी सुटतात. (फॉरेस्ट रिव्हरला नक्की काय झालं यावर आजही लेखक भांडतात, हेही सांगून ठेवतो.) तर आता ग्रिबलला चांगला म्हणायचं की वाईट? मला विचाराल तर हा प्रश्नच फालतू आहे. त्याच्या हातात दुसऱ्यांच्या पोरांवर एवढी सत्ता कोणी दिली, हे विचारा.

म्हणजे सरकारने पॉवर दिली आणि मिशनरींनी वापरली?

बऱ्याच ठिकाणी हो. सरकारला खर्च नको होता, चर्चला आत्मे हवे होते, दोघांचं जमलं. पण उद्देश वेगळे होते आणि त्यावरून खटकेही उडायचे. मिशनरीला निदान असं वाटायचं की ही माणसं राहणार आहेत आणि ख्रिश्चन होणार आहेत. सरकारी प्रोटेक्टर मंडळींचं गणित रंगाचं होतं. 1937 मध्ये कॅनबेराला केंद्र आणि राज्यांच्या अधिकाऱ्यांची परिषद झाली, त्यात वेस्टर्न ऑस्ट्रेलियात अबोरिजिनल लोकांवर नेमलेले प्रमुख अधिकारी ए. ओ. नेव्हिल यांनी उघड उघड विचारलं की या देशात दहा लाख काळे ठेवायचेत, की त्यांना गोऱ्यांत मिसळून टाकून इथे अबोरिजिनल नावाचं कोणी होतं हेच पुढे विसरून जायचंय? नेव्हिल 1915 ते 1940 त्या पदावर होते. पंचवीस वर्षं.

हिल्सव्हिलचं काय ते सारखं सांगत असता?

कारण मेलबर्नमधली प्रत्येक मराठी फॅमिली पाहुणे आले की कांगारू दाखवायला हिल्सव्हिल सँक्च्युअरीला जाते, डबे घेऊन, आणि कोणालाच माहीत नसतं की ते प्राणिसंग्रहालय कोरांडर्क नावाच्या जुन्या अबोरिजिनल वस्तीच्या जमिनीवर उभं आहे.

1863 मध्ये मेलबर्नच्या आसपासचे अबोरिजिनल कुलिन लोक त्यांचे पुढारी सायमन वोंगा आणि विल्यम बराक यांच्यामागे डोंगर ओलांडून तिथे आले आणि वस्ती केली. मॅनेजर होता जॉन ग्रीन, स्कॉटिश, धर्मोपदेशक. हा माणूस वेगळा निघाला, लोकांना त्यांचे नियम त्यांनाच करू दिले, तंटे त्यांच्यातच सोडवू दिले. घरं बांधली, शेती केली, बिअरला लागतात ते हॉप्स लावले, आणि असे लावले की 1881 च्या मेलबर्न प्रदर्शनात बक्षीस मिळालं. झालं, जमीन चांगली आहे हे आजूबाजूच्यांच्या डोळ्यांवर आलं. 1874 मध्ये बोर्डाने ग्रीनला घालवलं, जागा विकून लोकांना दुसरीकडे हलवायचं घाटत होतं.

पुढचं मला सगळ्यात भारी वाटतं. हे लोक गप्प बसले नाहीत. साठेक किलोमीटर चालत मेलबर्नला जाऊन मंत्र्यांना भेटले, पत्रं लिहिली, पेपरमध्ये छापून आणलं, 1881 मध्ये सरकारला चौकशी बसवावी लागली. आणि त्यांची मागणी काय होती बघा: बोर्ड आमच्या डोक्यावर नको, त्याचा इन्स्पेक्टर नको, आम्हाला एकटा जॉन ग्रीन परत द्या, मग आम्ही दाखवतो ही वस्ती स्वतःच्या पायावर कशी उभी राहते ते. म्हणजे सरकारी बोर्डाला हाकला आणि एका उपदेशकाला परत आणा, असं अबोरिजिनल लोक स्वतः लिहून देतायत! कारण तो त्यांचं ऐकायचा. ‘सगळे मिशनरी सैतान’वाल्यांनी आणि ‘त्या बिचाऱ्यांना स्वतःचं हित कळत नव्हतं’वाल्यांनी, दोघांनी हे कागद वाचावेत.

चौकशी त्यांच्या बाजूने बऱ्यापैकी झाली, तर 1886 मध्ये नवा कायदा आला. मिश्र रक्ताचे आणि वयाने 34 च्या खालचे, बाहेर. म्हणजे नेमके कामाचे हात गेले, घरं तुटली, भाऊ आत आणि बहीण बाहेर, मागे म्हातारे उरले, आणि मग बोर्ड म्हणायला मोकळं की बघा, यांना चालवता येत नाही. 1924 मध्ये बंदच केलं. एकही गोळी न झाडता एक गाव असं संपवलं.

मुलं ‘चोरली’ की ‘वाचवली’?

इथे सगळ्यात जास्त राडा होतो, म्हणून जरा सविस्तर. 1997 च्या सरकारी चौकशी अहवालात म्हटलंय की 1910 ते 1970 या काळात दर दहातलं एक ते दर तीनातलं एक अबोरिजिनल मूल घरापासून तोडलं गेलं. रेंज मोठी आहे, कारण नोंदी तशाच आहेत, अर्धवट, हरवलेल्या.

विरोधकांचा मुद्दा असा की ही मुलं गरिबीत, आजारी, दुर्लक्षित होती, कोणालाही उचललं असतं. काही मुलं खरोखर वाईट परिस्थितीत होती, हे मान्य. पण मग न्यू साउथ वेल्सचा कायदा बघा. 1909 च्या कायद्यात मूल न्यायचं तर मॅजिस्ट्रेटपुढे दुर्लक्ष सिद्ध करावं लागायचं, जसं गोऱ्या मुलांच्या बाबतीत. ते बोर्डाला जड जायला लागलं, म्हणून 1915 मध्ये दुरुस्ती केली आणि कोर्टाची अटच काढून टाकली. मुलं खरंच दुर्लक्षित होती तर ते सिद्ध करायला भीती कसली? त्या विधेयकावर बोलताना मॅकगॅरी नावाचे आमदार तिथेच म्हणाले होते की या बोर्डाला तुम्ही आईबापांकडून मूल चोरायची परवानगी देताय. ‘चोरणं’ हा शब्द आजच्या डाव्यांनी शोधलेला नाही, 1915 च्या विधानसभेतला आहे.

नेलेल्या मुली कूटामुंड्राच्या होममध्ये, मुलगे किंचेलाला. किंचेलाला मुलांना नावाने नाही, नंबरने हाक मारायचे. मुलींना घरकामाचं ट्रेनिंग देऊन गोऱ्यांच्या घरी मोलकरीण म्हणून पाठवायचं. आईला पत्ता कळणार नाही याची नीट काळजी घेतलेली.

साउथ ऑस्ट्रेलियातली एक केस तर वाचताना हात थांबतो. 1957 चा ख्रिसमस, 13 महिन्यांचं बाळ पोट बिघडलं म्हणून अॅडलेडच्या हॉस्पिटलात नेलं. थोड्याच दिवसांत ते एका गोऱ्या कुटुंबाला देऊन टाकलं, आईबापांना न विचारता, न सांगता. पुढच्या जुलैमध्ये आई पत्र लिहिते की बाळ कसं आहे, घरी कधी आणता येईल. बोर्डाचं उत्तर येतं, सुधारतंय, पण डॉक्टर अजून सोडायला तयार नाहीत. बाळ हॉस्पिटलात नव्हतंच! हा माणूस मोठा होऊन कोर्टात गेला आणि 2007 मध्ये जिंकला, 5,25,000 डॉलर, पुढे व्याज वेगळं. आणि कोर्टात काय निघालं तर असा अधिकार बोर्डाला नाही हा सल्ला सरकारच्याच वकिलांनी आधीच देऊन ठेवला होता. तेव्हा ‘त्या वेळच्या कायद्यानुसारच होतं सगळं’ हे वाक्य टाइप करण्याआधी जरा थांबा.

पण त्या काळी सगळेच तसा विचार करायचे ना? आजच्या चष्म्यातून कशाला बघायचं?

हा मला येणारा सगळ्यात कॉमन प्रश्न आणि माझ्या मते सगळ्यात कमजोर मुद्दा. सगळे म्हणजे कोण? मॅकगॅरी त्याच काळातले. कोरांडर्कचे अर्ज त्याच काळातले. 1838 मध्ये मायल क्रीकला किमान 28 माणसं, बहुतेक बायका, पोरं आणि म्हातारे, कापून जाळली तेव्हा त्याच कॉलनीच्या कोर्टाने सात गोऱ्यांना फाशी दिली, म्हणजे हा खून आहे हे 1838 मध्येही कळत होतं. (फाशी झाल्यावर खून थांबले नाहीत, फक्त लोक तोंड बंद ठेवायला शिकले, हे वेगळं.) अबोरिजिनल कार्यकर्ते विल्यम कूपर यांनी इंग्लंडच्या राजाला द्यायला शेकडो अबोरिजिनल लोकांच्या सह्या गोळा केल्या, कॅनबेराने तो अर्ज पुढे पाठवलाच नाही. 26 जानेवारी 1938 ला, दीडशे वर्षांचा जल्लोष चालू असताना, सिडनीत अबोरिजिनल लोकांनी दुखवट्याचा दिवस पाळला. म्हणजे आजच्या भांडणाचा चष्मा निदान 1938 चा आहे. आणि ज्यांच्यावर हे चालू होतं ते लोक ‘त्या काळचे’ नव्हते का? ‘सगळेच’ म्हणताना आपण त्यांना मोजतच नाही.

पण शाळा, दवाखाने, इंग्रजी हे तर मिळालं?

मिळालं. 50 डॉलरची नोट काढा खिशातून, त्यावर डेव्हिड उनाइपॉन आहेत, लेखक आणि संशोधक, मिशनवर जन्मलेले आणि शिकलेले, आणि नोटेवर जे छोटं चर्च आहे ते त्यांच्याच गावचं, राउकनचं. विल्यम कूपर मलोगा मिशनवर लिहायला शिकले आणि त्या लिहिण्याचा उपयोग बोर्डाविरुद्ध केला. डग निकोल्स पास्टर होते, 1976 मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले. हे नाकारायचं कारण नाही.

पण हिशोबाची दुसरी बाजू बघा. क्वीन्सलँडमध्ये लोकांची मजुरी त्यांच्या हातात न देता सरकारी खात्यात जायची, स्वतःच्या पैशातून कापड घ्यायचं तरी पोलिसवाल्या प्रोटेक्टरची परवानगी लागायची. ते पैसे परत मागायला कोर्टात जावं लागलं आणि 2019 मध्ये सरकारने 19 कोटी डॉलरवर तडजोड केली. आणि ‘सुधारलेल्या’ माणसाला काय मिळायचं, तर एक सर्टिफिकेट, की हा आता अबोरिजिनल कायद्यातून मोकळा, पबमध्ये जाऊ शकतो, पण मिशनवरच्या आपल्याच नातेवाइकांत मिसळायला बंदी. लोक त्याला कुत्र्याचं लायसन्स म्हणायचे.

1967 पर्यंत ते ‘झाडं आणि प्राणी’ कायद्याखाली होते, हे खरं का?

नाही. असा कायदा कधीच नव्हता. कृपया फॉरवर्ड करू नका, समोरचा एवढं एक खोटं पकडतो आणि तुमचं बाकीचं खरं पण वाया जातं. 1967 च्या सार्वमताने मतदानाचा हक्क दिला हेही चूक, देशपातळीवर तो 1962 मध्ये आला होता. 1967 मध्ये घटनेतली दोन कलमं बदलली, जनगणनेच्या आकड्यात धरणं आणि केंद्राला कायदे करायचा अधिकार, आणि 90 टक्क्यांच्या वर लोक हो म्हणाले.

अजिंक्य रहाणेचा काय संबंध?

आहे ना! डिसेंबर 2020, मेलबर्नची बॉक्सिंग डे टेस्ट, विराट परत गेलेला, कॅप्टन अजिंक्य, 112 रन्स, आणि मॅन ऑफ द मॅचला त्या वर्षीपासून सुरू झालेलं मुलाघ मेडल. पहिलं मेडल आपल्या मुंबईच्या पोराला. आता जॉनी मुलाघ कोण, तर 1868 मध्ये इंग्लंडला गेलेल्या अबोरिजिनल टीमचा स्टार. परदेश दौऱ्यावर गेलेली ऑस्ट्रेलियाची ती पहिली टीम, 47 मॅचेस, 14 जिंकल्या, 14 हरल्या, बाकी ड्रॉ. मुलाघच्या एकट्याच्या 1698 रन्स आणि 245 विकेट्स. एक खेळाडू आजारी पडून लंडनमध्येच वारला. व्हिक्टोरियाच्या अबोरिजिनल लोकांवरच्या सरकारी बोर्डाचा (क्रिकेट बोर्डाचा नव्हे) या दौऱ्याला विरोध होता, टीम जवळपास गुपचूप जहाजावर चढली, आणि पुढच्याच वर्षी, 1869 ला, तो कायदा आला ज्याने कोणी कुठे राहायचं आणि काम करायचं हे बोर्डाच्या हातात गेलं. असा दौरा पुन्हा होणं शक्यच उरलं नाही.

भारतात ब्रिटिशांनी असं काही केलं का?

जवळचं उदाहरण हवं तर मिशन शाळा नाही, गुन्हेगार जमाती कायदा बघा. 1871 चा. जन्मानेच गुन्हेगार, हजेरी, पास, तारेचं कुंपण. सोलापूरची सेटलमेंट ज्यांच्या आजी-आजोबांनी भोगली ते लोक आज आपल्यात आहेत. 1897 च्या दुरुस्तीत चार ते अठरा वयाच्या पोरांना आईबापांपासून वेगळं ठेवायची सोय केली होती, आणि क्वीन्सलँडचा कायदाही 1897 चाच. उत्तर भारतात अशा वस्त्या चालवायला साल्व्हेशन आर्मीकडे दिल्या होत्या. फरक एवढाच की आपल्याकडे ब्रिटिश कधीतरी जाणार होते, इथे ते राहायलाच आले होते आणि त्यांना सगळी जमीन हवी होती. आणि पारध्यांबद्दल आपले लोक 1952 मध्ये तो कायदा रद्द झाल्यानंतरही काय बोलतात ते आठवलं तर दुसऱ्याच्या देशावर बोलताना आवाज आपोआप थोडा खाली येतो.

चौकशी करणारे एकतर्फी होते म्हणतात?

1997 च्या चौकशीचे प्रमुख सर रोनाल्ड विल्सन, माजी हायकोर्ट जज (इथलं हायकोर्ट म्हणजे देशाचं सर्वोच्च न्यायालय). ते स्वतः पूर्वी वेस्टर्न ऑस्ट्रेलियात प्रेस्बिटेरियन चर्चचे प्रमुख होते आणि त्या चर्चकडेच सिस्टर केट्स हे मुलांचं होम होतं. म्हणजे ते बाहेरचे नव्हतेच, आतलेच. मोठ्या चर्चेसनी त्याच सुमाराला माफी मागितली. अहवालात त्रुटी आहेत, नरसंहार शब्दावरून टीका झाली, लेखक कीथ विंडशटलसारख्या लोकांचं म्हणणं असं की एकूण इतिहासच फुगवलाय. त्यांनी इतरांच्या लिखाणातल्या काही चुकीच्या तळटिपा पकडल्या हेही खरं. पण त्यानंतर न्यूकॅसल युनिव्हर्सिटीने हत्याकांडांचा नकाशा केला, सहा किंवा जास्त माणसं एका वेळी मारली तरच धरायचं, पुराव्यासकट, तरी चारशेच्या वर जागा निघाल्या.

माफी मागितली ना 2008 ला, आता काय?

13 फेब्रुवारी 2008, तेव्हाचे पंतप्रधान केविन रड, संसदेत. चांगलंच झालं. आज सरकारी व्यवस्थेत घराबाहेर, म्हणजे फोस्टर केअर वगैरेमध्ये असलेल्या मुलांमध्ये चाळीस टक्क्यांहून जास्त मुलं अबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या मूळ लोकांची आहेत, लोकसंख्येत त्यांचा वाटा किती छोटा ते बघा. 2023 च्या सार्वमतात संसदेला सल्ला देणारी या लोकांची एक समिती घटनेत टाकायची होती, सगळ्या राज्यांनी नाही म्हटलं, साधारण 60 टक्के.

आपण तर आत्ता आलो, आपला काय संबंध?

तुमच्यावर कोणी खटला भरत नाहीये. पण घर घेतलं, लॉन लावलं, सिटिझनशिपची शपथ घेतली, तर जागेचा सातबारा कोणाच्या नावावर होता एवढं माहीत असायला काय हरकत आहे.

मंडळाच्या गणपतीत सुरुवातीला ते ‘अॅक्नॉलेजमेंट’ म्हणायचं का? काही लोक कुरकुरतात

म्हणा, त्या जागेच्या मूळ लोकांचा आदराने उल्लेख करायचा एवढंच, एक मिनिट लागतो. फक्त कुठून तरी कॉपी करून ‘या भूमीचे मूळ मालक’ असं मोघम नका म्हणू, तुमचा हॉल ज्या भागात आहे तिथल्या लोकांचं नाव घ्या. मेलबर्नच्या मोठ्या भागात वुरुंजेरी, दक्षिणेला बुनुराँग, काउन्सिलच्या वेबसाइटवर मिळतं. आणि वाचणाऱ्याला आदल्या दिवशी दोनदा उच्चार करायला लावा, आयत्या वेळी अडखळतात सगळे.